स्टेजवर झोपायची मुभा

गेल्या महिन्यात सोलापुरात एका सत्काराला गेले होते. सत्कारमूर्ती आठ वर्षांची. टीव्हीवरच्या गाण्याच्या एका स्पर्धेत ती काही आठवडे टिकली, म्हणून शाल, श्रीफळ आणि तिच्या कमरेएवढी ट्रॉफी. शाल तिच्या खांद्यावर राहीना. दर दोन मिनिटांनी घसरायची, की पहिल्या रांगेतून आई खूण करायची, की ही पुन्हा ओढून घ्यायची. प्रमुख पाहुणे बोलायला उठले. गावातलं मोठं नाव, वाचन असलेला माणूस, बोलायलाही छान. ते म्हणाले, "हल्ली काही मंडळी लहान मुलांना टीव्हीवर नेऊ नका म्हणून ओरडत असतात. त्यांना मी एवढंच विचारतो, लता मंगेशकर पहिल्यांदा जाहीर कार्यक्रमात गायल्या कुठे? आपल्या सोलापुरात. वय किती होतं? नऊसुद्धा पूर्ण नव्हती. तेव्हा ही मंडळी असती तर जगाला लता मिळाली असती का?"

टाळ्या पडल्या. सवयीने मीही वाजवल्या. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, ती ओरडणारी मंडळी म्हणजे आपणच की.

सव्वीस वर्षं मी गाण्याचा क्लास चालवते. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना मुलं बसवते. पाहुण्यांशी माझं वैर नाही, पण उदाहरण त्यांनी आमच्याच गावचं आणि आमच्याच धंद्यातलं दिलं, आणि तेही अर्धंच. म्हणून हे उत्तर.

तारीख ९ सप्टेंबर १९३८. लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९चा, म्हणजे नऊ पूर्ण व्हायला एकोणीस दिवस कमी. पाहुण्यांचा हिशेब चोख आहे. कार्यक्रम मास्टर दीनानाथांचा. मुलगी म्हणाली, मीही गाणार. ती खंबावती राग गायली. लोकांना आवडलं. मग वडील गायला बसले आणि ही तिथेच, स्टेजवर, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेली. ही आठवण लताबाईंनीच पुढे सांगितलेली आहे. पाहुण्यांनी ती गाण्यापर्यंत सांगितली आणि झोप गाळली.

माझं सगळं म्हणणं त्या झोपेत आहे. पोर गायलं, दमलं, झोपलं. कुणी तिला हलवून उठवलं नाही. झोपलेल्या चेहऱ्यावर कुणी कॅमेरा नेला नाही. तिला दुसऱ्या कुणाच्या मुलीपेक्षा कमी किंवा जास्त गुण पडले नाहीत. दीनानाथांचं गाणं तिच्यावाचून अडणार नव्हतं आणि तिच्यावाचून कुणाचा जाहिरातीचा वेळही रिकामा राहणार नव्हता. आजच्या कुठल्या स्पर्धेत आठ वर्षांच्या मुलीला अशी झोप घेता येईल ते पाहुण्यांनी सांगावं. मी त्याच दिवशी हा लेख मागे घेईन.

आणि गोष्ट पुढेही आहे. एप्रिल १९४२मध्ये दीनानाथ गेले. तेरा वर्षं पूर्ण न झालेल्या मुलीवर घर आलं आणि ती सिनेमात छोट्या छोट्या भूमिका करायला लागली. तो मेकअप, ते दिवे, हस म्हटलं की हसायचं आणि रड म्हटलं की रडायचं, यातलं आपल्याला काही आवडत नसे, हे त्या आयुष्यभर सांगत राहिल्या. म्हणजे सोलापूरचा स्टेज आणि स्टुडिओतले दिवे, दोन्ही त्यांनी लहानपणी पाहिलं आणि दोन्हींत फरक केला. लताबाईंना साक्षीदार म्हणून उभं करायचं तर साक्ष पूर्ण ऐकून घ्यावी.

आता माझ्या क्लासबद्दल. पूर्वी आई-वडील मूल घेऊन यायचे तेव्हा विचारायचे, विशारद व्हायला किती वर्षं लागतील? आता विचारतात, ऑडिशनचं गाणं किती दिवसांत बसेल? ऑडिशनचं गाणं म्हणजे दीड मिनिट. सुरुवातीला जरासा आलाप, मुखडा, एक अंतरा आणि शेवटी असा एक वरचा सूर की परीक्षकाने खुर्चीतून उठावं. पट्टी मूळ गाण्याची, कारण कराओके ट्रॅक त्याच पट्टीत मिळतो. मुलाच्या गळ्याला ती सोसते का, हे ट्रॅकला काय ठाऊक! मी पट्टी उतरवायला सांगितली की आया नाराज होतात. "मॅडम, वरचं जात नाही असं वाटेल की त्यांना."

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे यायचा. दहा वर्षांचा, शहराच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होते, कारखाना बंद पडला. आई विड्या वळते. मुलाचं नाव लिहीत नाही. का, ते पुढे येईल. गळा असा की तंबोरा लावताना त्याला 'सा' लाव म्हटलं की मला तंबोरा त्याच्याकडून लावून घ्यावासा वाटे. आईने कुठून तरी ऐकलं, पुण्यात ऑडिशन आहे. माझा विरोध होता आणि तरीही मी बरोबर गेले. हेही लिहायलाच हवं.

सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने गेलो. एका कार्यालयाच्या आवारात रांग होती. छातीवर नंबराचा कागद चिकटवला. साडेचारला नंबर आला. आत टेबलामागे तिघं, एक कॅमेरा, एक हेडफोन लावलेला तरुण. मुलगा गायला, छान गायला. तरुण म्हणाला, "मस्त रे. घरी कोण कोण असतं?" त्याने सांगितलं. "बाबा काय करतात?" तो म्हणाला, "कारखाना बंद झाला. घरीच असतात." त्या तरुणाने वर बघितलं, कॅमेरावाल्याला बोट दाखवलं आणि म्हणाला, "हेच परत सांगशील? जरा हळू. आणि आईकडे बघून." मुलाने परत सांगितलं. "आई विड्या वळते ना, ते राहिलं. परत एकदा."

गाणं एकदाच घेतलं. बाबांचं तीनदा.

रात्रीच्या एसटीने परतलो. इंदापूरला गाडी थांबली तेव्हा आई खाली उतरली होती. मला वाटलं पोरगा झोपलाय. तो खिडकीकडे बघत म्हणाला, "मॅडम, बाबांचं मी नीट सांगितलं ना?"

गाण्याबद्दल त्याने काही विचारलं नाही.

इथे पाहुण्यांचा आणि माझा खरा वाद सुरू होतो. त्यांना वाटतं टीव्ही मुलाचं गाणं विकतो. गाणं विकायचं असतं तर एक टेक गाण्याचा आणि तीन टेक बापाच्या बेकारीचे झाले नसते. आमच्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या केमचा सोमनाथ अवघडे 'फँड्री' सिनेमात जब्या झाला. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जब्याची गरिबी, जब्याची लाज, जब्याने शेवटी भिरकावलेला दगड, हे सगळं नागराज मंजुळे यांनी लिहिलेलं होतं. शूटिंग संपलं की सोमनाथने जब्या काढून ठेवायचा आणि घरी जायचं. रिअ‍ॅलिटी शोमध्ये मुलाला काढून ठेवायला काही नसतं, कारण त्याला भूमिका त्याचीच दिलेली असते. नापसंत पडतो तो मुलगा स्वतः. बाहेर जातो तोही स्वतः, आणि तेही संथ संगीत लावून, आईचा चेहरा अर्ध्या पडद्यावर ठेवून. मोठा माणूस हे समजून उमजून करत असेल तर तो त्याचा प्रश्न. दहा वर्षांच्या पोराला आपली कुठली गोष्ट विकावी आणि कुठली घरात ठेवावी हे कळत नाही, आणि आपण नेमकं त्यालाच विचारतो.

"पण मुलांना आवडतं हो!" हे पाहुण्यांचं दुसरं वाक्य. आवडतं, कबूल. टाळ्या कुणाला आवडत नाहीत? प्रश्न असा की नको म्हणायची वाट उघडी आहे का. ज्या मुलीसाठी आईने नोकरीत बिनपगारी रजा टाकली, मामाने गाडीचं भाडं दिलं, शाळेने फलक लावला आणि नगरसेवकाने बॅनर, ती तिसऱ्या आठवड्यात उठून "मला घरी जायचंय" कशी म्हणेल? सरकारी नियमात लिहिलंय, मुलाला त्याच्या इच्छेविरुद्ध सहभागी करून घेऊ नये. वाक्य सुंदर आहे. ती इच्छा तपासायची कशी, याचं यंत्र कुणी बसवलेलं नाही.

ते बसवता येतं, हे अमोल गुप्ते यांनी दाखवलंय. 'स्टॅनली का डब्बा' हा २०११चा सिनेमा त्यांनी शाळेतल्या मुलांच्या शनिवारच्या कार्यशाळांमधून, थोडा थोडा करून, दीड वर्षभर टिपला. शाळा बुडाली नाही, मुलांच्या डोक्यावर सिनेमाचं ओझं ठेवलं नाही. वेळ लागला, पण वेळ मोठ्यांचा गेला.

एक जमाना होता, परीक्षक मुलांना झापायचे. २००८मध्ये कोलकात्याच्या एका सोळा वर्षांच्या मुलीची बातमी देशभर गाजली. नाचाच्या कार्यक्रमात परीक्षकांनी सुनावल्यानंतर तिची वाचा गेली, असं घरचे सांगत होते. नंतर सगळे सावध झाले. आता कुणी झापत नाही. आता परीक्षक उभे राहतात, नमस्कार घालतात, डोळे पुसतात, सात वर्षांच्या पोरीला "तू देवी आहेस" म्हणतात. मला विचाराल तर झापणं परवडलं. झापलेलं मूल दोन दिवस रुसतं आणि रियाजाला बसतं. देवी झालेल्या मुलीला सोमवारी माझ्यासमोर बसून अलंकार घोकायचे कसे? दिग्दर्शक शुजित सरकार यांनी २०१७मध्ये मुलांचे असे कार्यक्रम बंदच करा असं जाहीर म्हटलं, तेव्हा दोन दिवस चर्चा झाली आणि तिसऱ्या दिवशी सगळं सुरळीत.

नाचाचं तर बोलायलाच नको. आमचा जिल्हा लावणीचा आहे. अकलूजच्या लावणी स्पर्धा इथल्या, मोडनिंबची कला केंद्रं इथली. त्या बायकांना विचारा, एक नजर फेकायला शिकायला किती वर्षं जातात आणि त्या नजरेत काय काय असतं. तीच नजर, तेच ओठ मुडपणं, नऊवारीतल्या सहा वर्षांच्या मुलीवर कोरिओग्राफर बसवतो आणि स्टुडिओतले मोठे लोक शिट्ट्या मारतात. मोठ्या बाईची लावणी पाहायला नाकं मुरडणारं घर सोफ्यावर बसून हे कौतुकाने बघतं. जून २०१९मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना पत्रक काढून सांगितलं की नाचाच्या कार्यक्रमांत मुलांना अशा तऱ्हेने दाखवू नका. पत्रक म्हणजे सल्ला. सल्ल्याला दंड नसतो.

तिसरा मुद्दा कायद्याचा. "आता कायदा आहे, सगळं नियमात चालतं," असं पाहुणे म्हणाले. कायदा आहे खरा, आणि तो मी वाचला. बालकामगार कायदा १९८६चा, मोठी दुरुस्ती २०१६ची. चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायचं नाही, अपवाद दोन. एक, शाळा सांभाळून घरच्या कामात किंवा घरच्या धंद्यात मदत, धंदा धोक्याचा नसेल तर. दोन, कलाकार म्हणून जाहिरात, सिनेमा, मालिका किंवा तत्सम करमणूक. आणि या दुसऱ्या अपवादाला शेपूट जोडलंय: सर्कस सोडून.

हे दोन्ही अपवाद सोलापुरात एका घरात भेटतात. विडी वळणं १९८६पासून धोकादायक कामांच्या यादीत आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याने आईशेजारी बसून तेंदूची पानं कापली तर तो गुन्हा, आणि कापायला नकोच. पण त्याच पोराने आई विड्या वळते हे कॅमेऱ्यापुढे हळू, आईकडे बघून सांगितलं तर ती कला. म्हणजे विडी धोक्याची, विडीची गोष्ट नाही.

आणि सर्कस का सोडली? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०११मध्ये सर्कशीत मुलं ठेवायला बंदी करायला सांगितलं, त्यामागे मुलांचे फार हाल होते, विकलेली, पळवलेली मुलं होती. बंदी योग्यच. पण सर्कस ही आपल्या मुलखाची चीज. १८८०च्या सुमारास विष्णुपंत छत्र्यांनी ती उभी केली. गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानावर तंबू लागायचा तेव्हा आम्ही चार-चार वेळा जायचो. दोरीवर चालणारी माझ्या वयाची मुलगी पाहून मला वाईट वाटायचं, आणि पुन्हा जावंसंही वाटायचं. या दोन्ही भावना मला टीव्हीपुढे ओळखीच्या वाटतात. फरक एवढाच, सर्कशीत खाली जाळी दिसायची.

तंबूच्या आत मूल वाचवणारा कायदा तंबू काढल्यावर काय करतो? २०१७चे नियम बघा. मुलाला दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग सत्तावीस दिवसांहून जास्त नाही. दर पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस. शिक्षणाची सोय निर्मात्याने करायची. जिथे चित्रीकरण, तिथल्या जिल्हाधिकाऱ्याची परवानगी, ती सहा महिने चालते. कमाईतले किमान वीस टक्के मुलाच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव, सज्ञान झाल्यावर हातात. कॅलिफोर्नियात मुलांच्या कमाईसाठी असा कायदा १९३९मध्ये आला. चॅप्लिनच्या 'द किड'मधला पोरगा जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा कळलं, त्याची कमाई आई आणि सावत्र बापाने उडवलीय; त्यावरून. तिथे आता पंधरा टक्के, आपल्याकडे वीस. कागदावर आपण हॉलिवूडच्याही पुढे.

आता कागद सोलापुरात आणून बघू. पाच तास म्हणजे सेटवरचे पाच तास. घरी पहाटे साडेचारला उठवून आईने घेतलेली तालीम कुणी मोजायची? परवानगी देणार मुंबईचा जिल्हाधिकारी; पोराची शाळा, घर, शेजार, बापाची बेकारी सगळं सोलापुरात. इथल्या जिल्हाधिकारी कार्यालयाला त्या पोराचं नावही कळत नाही. वीस टक्के कशाचे? बक्षीस पहिल्याला. बाकीच्यांना मानधनच नसेल तर शून्याचे वीस टक्के. आणि त्या परवानगीआधीची, रांगेतली, नंबराच्या कागदाची, दुपारी साडेचारपर्यंत उपाशी बसवलेली मुलं? ती अजून कलाकार झालेली नसतात, म्हणून त्यांना नियमही नाही.

चौथा मुद्दा सर्वांत भारी आणि मलाही तो टोचतो. छोट्या गावच्या पोरांना संधी कोण देणार? झी मराठीच्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'ची २००८-०९ची ती पाच मुलं सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहेत. कार्तिकी गायकवाड आळंदीची, रोहित राऊत लातूरचा, प्रथमेश लघाटे रत्नागिरी जिल्ह्यातला, मुग्धा वैशंपायन अलिबागची, आर्या आंबेकर पुण्याची. कार्तिकी जिंकली आणि पाचही जण गाण्यात टिकले. २०२१मध्ये त्याच कार्यक्रमात तेच पाच परीक्षकांच्या जागी बसले, तेव्हा माझेही डोळे भरून आले. त्यांची तयारी होती, पाठीशी गुरू होते, घरं गाण्यातली किंवा गाण्याला धरून असणारी होती. कौतुकच आहे.

पण पाहुणे, त्या पाचांनंतर किती वर्षं, किती वाहिन्या, किती पर्वं झाली? त्या सगळ्या पर्वांतली आणखी पाच नावं पटकन सांगा बरं. मला तीनपुढे जमलं नाही, आणि माझा तर धंदाच हा. विहिरीतून पोहून वर आलेल्यांना विचारून विहीर सुरक्षित ठरवायची, असा हा हिशेब आहे.

संधी म्हणजे काय, याला कुमार गंधर्वांची गोष्ट आहे. कुमार गंधर्वांचंही उदाहरण लोक देतात म्हणून सांगते. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४मध्ये जन्मलेला शिवपुत्र कोमकली. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हा पोरगा जशाच्या तशा गायचा. वडील त्याला घेऊन गावोगाव कार्यक्रम करायचे. आजच्या भाषेत, रिअ‍ॅलिटी शोचा तयार माल. दहा-अकराव्या वर्षी नाव झालं. आणि मग काय झालं? मुंबईत बी. आर. देवधरांच्या स्वाधीन केलं. कौतुकाच्या शिखरावरून उतरवून पोराला शिकायला बसवलं, आणि तो पुढची दहाएक वर्षं शिकत राहिला. नकलेतून बाहेर काढून त्याला त्याचं स्वतःचं गाणं सापडू दिलं. कुमारांना मिळालेली संधी ती ही. टीव्ही मुलाला हुबेहूब नकलेवर उचलतो आणि नकलेवरच थांबवतो, कारण शनिवारी पुढचा भाग असतो आणि देवधरांना लागलेली वर्षं कुठल्याच वाहिनीच्या वेळापत्रकात बसत नाहीत.

प्रसिद्धीचं वजन काय असतं ते अकलूजने पाहिलंय. 'सैराट' २०१६मध्ये आला. रिंकू राजगुरू शाळकरी मुलगी. ती टीव्हीच्या स्पर्धेतली नव्हती, नीट लिहिलेल्या भूमिकेतली, मोठ्यांनी सांभाळलेली. तरी गर्दीमुळे तिला शाळेत बसता येईना आणि दहावी बाहेरून द्यावी लागली. चांगल्या सिनेमाने, चांगल्या माणसांच्या हातून, एवढं होतं. मग बाकीच्यांचं काय होत असेल?

आमचं गाव यात निर्दोष नाही. मूल टीव्हीवर गेलं की 'आपल्या सोलापूरचा ढाण्या वाघ' म्हणून चौकाचौकात फ्लेक्स लागतात. मधोमध मूल, भोवती पंधरा पुढाऱ्यांचे चेहरे, खाली मत कसं द्यायचं. मूल बाहेर पडल्यावर फ्लेक्स कुणी सन्मानाने उतरवत नाही. माझ्या रस्त्याला एका चहाच्या टपरीवर पावसाळ्यात असा एक फ्लेक्स ताणलेला होता, उलटा. चहा पिताना वर पाहिलं की मुलीचा चेहरा, डोकं खाली. टपरीवाल्याला विचारलं, ही कोण? म्हणाला, "कुणास ठाऊक, कापड चांगलंय."

मग काय, बंदी घाला म्हणता? मला विचारतात लोक. गाऊ द्या की मुलांना. गणपतीत गाऊ द्या, स्नेहसंमेलनात, आकाशवाणीवर, टीव्हीवरही गाऊ द्या. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या कार्यक्रमात कुणाला बाहेर काढू नका. दर आठवड्याला नवी मुलं बोलवा, गाऊन घरी जाऊ द्या. घरच्या परिस्थितीचा प्रश्न मुलाला विचारू नका, कॅमेरा चालू असताना तर नाहीच. पैसा वीस टक्के कशाला, सगळा मुलाच्या नावावर ठेवा. मुलाच्या स्वतःच्या जिल्ह्यात कळवा, म्हणजे कुणीतरी शाळेत जाऊन विचारेल. आणि अठराव्या वर्षी त्याला म्हणता आलं पाहिजे, माझं ते सगळं पुसून टाका. असं केल्यावर कार्यक्रम रंगणार नाही, असं वाहिनीवाले म्हणतील. मग इतकी वर्षं रंगत कशातून येत होती, हेही त्यांनीच सांगितल्यासारखं होईल.

हे शेवटचं, पुसून टाकायचं, मी उगाच लिहिलेलं नाही. माझा तो विद्यार्थी निवडला गेला नाही. फोन आलाच नाही. दोन महिन्यांनी त्याच्या शाळेतल्या कुणाला तरी मोबाइलवर तो सापडला. गाणं नाही, कारखान्याची गोष्ट. तिसरा टेक. खाली करुण संगीत आणि कार्यक्रमाची तारीख. लोकांनी रडके चेहरे टाकले होते, पैसे कुठे पाठवायचे असं विचारलं होतं. बापाला त्याच्या जुन्या सोबत्यांनी चहाच्या गाडीवर विचारलं, "काय बे, पोरगं कमवतंय म्हणे तुझ्या नावावर?" तो आठवडाभर घराबाहेर पडला नाही.

मी आईने सही केलेला कागद मागवून घेतला. अकरा पानं, इंग्रजी. वाचायला बसले तेव्हा कळलं की मुलाचा आवाज, चेहरा आणि त्याने सांगितलेलं सगळं वापरायचा हक्क कायमचा आणि सगळ्या जगात त्यांच्याकडे गेलाय. त्या आईने रांगेत उभ्या उभ्या, दुसऱ्याच्या पाठीवर कागद टेकवून सही केली होती. पेन माझं होतं.

मुलगा आता बारा वर्षांचा आहे. आवाज फुटायला लागलाय. पूर्वी काळी चारमध्ये सहज फिरणारा गळा आता मधेच सटकतो आणि तो दचकून थांबतो. मी त्याला खालच्या पट्टीत आणलंय, जोर लावू नको म्हणून सांगते, अधूनमधून नुसता तंबोरा धरून बसवते. गेल्या गुरुवारी बाकीची मुलं गेल्यावर तो चपला घालत दारात रेंगाळला.

"मॅडम, ते काढता येतं का?"

काय, ते मी विचारलं नाही. कागदावर एक नंबर होता, त्यावर मी दुसऱ्या दिवशी फोन केला. पलीकडच्या मुलीने सगळं नीट ऐकून घेतलं, मुलाचा नोंदणी क्रमांक विचारला आणि म्हणाली, विनंती पुढे पाठवते, पण ते पर्व बंद झालंय, त्यामुळे कुणाकडे पाठवायची ते बघावं लागेल.